घरच्या घरी नेटवर्कची प्रयोगशाळा
(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावच्या दक्षिण अंगाचे अनगोळ हे एके काळी शेतीवर जगणारे वेगळे गाव होते. आज ते शहरात मिसळून गेले आहे. एका बाजूस अजून भाताची शेते दिसतात आणि दुसऱ्या बाजूस उद्यमबागेतील फौंड्र्या व लेथ चालणारे कारखाने. त्याच उद्यमबागेत १९७९ साली गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणे बेळगावास आले. त्यामुळे ज्या घरातील वडील लोखंडाच्या कामावर हयात घालवतात, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज संगणकाच्या विद्येकडे वळलेली दिसते. या विद्येच्या एका शाखेविषयी, आणि तिच्या अभ्यासासाठी घरी कोणते सामान घ्यावे याविषयी, आज मी चार शब्द सांगणार आहे.

ही शाखा म्हणजे नेटवर्क. बँकेच्या शाखा, इस्पितळे, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांतील संगणक एकमेकांशी बोलतात ते या जाळ्यातून. हे जाळे उभारणारा, राखणारा आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस सर्वत्र हवा असतो. या कामाची पात्रता दाखवणाऱ्या काही परीक्षा आहेत. त्यांपैकी आपल्याकडे विशेष प्रचलित असलेली परीक्षा सिस्को या अमेरिकन कंपनीची ‘सी.सी.एन.ए.’ ही होय. ती १९९८ साली सुरू झाली. तिचे आजचे रूप २४ फेब्रुवारी २०२० पासून अमलात आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या अभ्यासक्रमात थोडी भर पडली. दोन तासांची ही परीक्षा. शुल्क तीनशे अमेरिकन डॉलर, त्यावर कर वेगळा. आणि मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. तीनशे डॉलर म्हणजे आपल्या रुपयांत पंचवीस हजारांहून अधिक. एखाद्या कामगाराच्या घरात ही रक्कम किती दिवसांच्या पगाराची, हे श्रोत्यांना मी सांगावयास नको.

ही विद्या नुसती वाचून येत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी नदी ओलांडत नाही. यंत्रापुढे बसून आज्ञा द्याव्या लागतात, त्या चुकल्या तर का चुकल्या ते शोधावे लागते, आणि पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून विद्यार्थी घरी प्रयोगशाळा मांडू पाहतो. येथेच खरा पेच उभा राहतो. कोणी सांगतो, ‘चार राउटर आणि चार स्विच घेतल्याशिवाय अभ्यास होणे नाही.’ कोणी सांगतो, ‘काहीच घेऊ नकोस, सर्व संगणकावर होते.’ जुना माल विकणारा तर जाहिरातीत पुरा संचच मांडून ठेवतो. मुलाला निवड करता येत नाही, वडिलांना त्यातले काही कळत नाही, आणि साठवलेले पैसे अशा वस्तूंवर खर्च होतात की ज्यांचा अभ्यासाशी संबंध उरलेला नसतो. परीक्षेच्या शुल्काचे पैसे यंत्रांत अडकले आणि परीक्षा पुढे ढकलली गेली, तर प्रयोगशाळा मांडून साधले काय?

उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ड्रॉइंग हाती आल्याशिवाय पॅटर्न होत नाही, आणि पॅटर्नशिवाय कोणी धातू वितळवीत नाही. प्रयोगशाळेचेही तेच आहे. येथे ड्रॉइंग म्हणजे परीक्षेचा अभ्यासक्रम. तो कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. त्याचे सहा भाग आहेत. जाळ्याची मूलतत्त्वे, वीस टक्के. स्विच आणि बिनतारी जोडणी, वीस टक्के. पत्ते आणि मार्ग ठरविणे, पंचवीस टक्के. जाळ्यातील सेवा, दहा टक्के. सुरक्षितता, पंधरा टक्के. आणि स्वयंचलन, दहा टक्के. हा कागद समोर ठेवावा आणि प्रत्येक कलमापुढे लिहावे: याचा सराव करण्यास मला कोणते यंत्र लागेल, आणि किती लागतील? ही यादी झाली की निम्मी निवड झाली असे समजावे.

या यादीचा पहिला उपयोग म्हणजे काय घेऊ नये ते कळते. जुन्या मालाच्या संचात सिरीयल पोर्टची कार्डे आणि त्यांच्या जाडजूड निळ्या केबली हटकून असतात. एके काळी दोन गावांतील राउटर जोडण्याचा सराव त्यांच्यावर होत असे. परंतु ‘फ्रेम रिले’ हा विषय २०१६ सालीच परीक्षेतून गेला, आणि २०२० च्या फेररचनेत ‘रिप’ व ‘ई.आय.जी.आर.पी.’ या मार्ग ठरविण्याच्या पद्धतींची मांडणीही गळाली. मार्ग स्वतः ठरविणाऱ्या पद्धतींपैकी आता ‘ओ.एस.पी.एफ.’ ही एकच मुख्यत्वे मांडून दाखवावी लागते. तेव्हा सिरीयल कार्डांसाठी मोजलेला पैसा हा गेल्या पिढीच्या परीक्षेसाठी मोजलेला पैसा होय. ‘२५००’ जातीचे राउटर आणि ‘२९५०’ जातीचे स्विच स्वस्त मिळतात. ते बाजारातून उतरले म्हणून स्वस्त आहेत, हे विसरू नये.

आता घ्यावे काय? पहिले उत्तर ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण ते असे की प्रथम काहीच विकत घेऊ नये. सिस्कोने १९९७ साली ‘नेटवर्किंग अकॅडमी’ नावाचा शिक्षणक्रम सुरू केला. त्यात नाव नोंदविणाऱ्यास ‘पॅकेट ट्रेसर’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात पडद्यावर राउटर, स्विच, संगणक मांडून, तारा जोडून, खऱ्या यंत्रासारख्या आज्ञा देता येतात. घरातील साधारण संगणकावरही ती चालते. बिनतारी जाळ्याचा नियंत्रक विकत घेण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, पण त्याचाही परिचय तिच्यात होतो. ही प्रणाली यंत्राची नक्कल करते, प्रत्यक्ष यंत्र नव्हे. म्हणून काही आज्ञा तिला कळत नाहीत. तथापि या परीक्षेपुरता विचार केला तर सरावाचा बहुतेक भाग तिच्यावर भागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे ज्यात यंत्रातील खरी प्रणालीच संगणकावर चालते अशी व्यवस्था. ‘जी.एन.एस.३’ आणि ‘ईव्ह-एन.जी.’ ही त्यांतील दोन नावे. सिस्कोची स्वतःची ‘मॉडेलिंग लॅब्ज’ ही अशीच व्यवस्था असून तिची पाच यंत्रांपर्यंतची विनामूल्य आवृत्तीही निघाली आहे. या मार्गाने जाणाऱ्याने संगणकाची रॅम पाहावी. आठ जी.बी. रॅमवर ओढाताण होते, सोळा असल्यास काम सुखाने चालते. म्हणूनच ज्याच्यापाशी जुना संगणक आहे, त्याने राउटर घेण्याआधी त्या संगणकाची रॅम वाढवावी. तो पैसा या परीक्षेनंतरही उपयोगी पडतो. येथे एक सावधगिरीची सूचना. जी.एन.एस.३ ही चौकट फुकट मिळते, पण तिच्यात चालवावयाची सिस्कोची प्रणाली फुकट नाही. ती पेन ड्राइव्हवर भरून देणारे लोक भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नये. ज्याला उद्या दुसऱ्याच्या जाळ्याची राखण करावयाची आहे, त्याने उमेदवारीचा आरंभ चोरीच्या मालाने करावा हे शोभत नाही, आणि अशा मालात आणखी काय दडलेले असेल याची शाश्वतीही नसते.

मग खरे यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न आता येईल. हवे, आणि त्याचे कारण हात. पडद्यावर तार जोडताना खटका बसत नाही; प्रत्यक्षात तो बसला नाही तर दिवा लागत नाही, आणि दिवा का लागला नाही हे शोधण्यात नोकरीतील अर्धी शहाणीव आहे. नव्या यंत्राशी पहिले बोलणे कन्सोल केबलने होते. हल्लीच्या लॅपटॉपला ती जोडण्याची जुनी जागाच नसते, त्यासाठी यू.एस.बी.चा जोड लागतो, आणि ‘पुटी’सारख्या प्रणालीत गती ९६०० ठेवली नाही तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. पासवर्ड विसरलेले यंत्र पुन्हा हाती कसे घ्यावे, हाही असाच धडा. राउटर सुरू होताना ‘ब्रेक’ची कळ दाबून त्याचा क्रमांक बदलावा लागतो, स्विचच्या तोंडावरील ‘मोड’चे बटन दाबून ठेवून वीज द्यावी लागते. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस रात्री दोन वाजता बंद पडलेल्या कचेरीत गोंधळत नाही.

आता खऱ्या यंत्रांची संख्या ठरवू. माझ्या मते दोन स्विच आणि एक राउटर एवढे पुरे. हिशेब असा. एका स्विचची दोन-तीन वेगळी जाळी करणे, म्हणजे व्हीलॅन मांडणे, आणि ती जाळी एकाच तारेवरून दुसऱ्या स्विचपर्यंत नेणे, याला दोन स्विच लागतात. त्या जाळ्यांना एकमेकांशी बोलू देण्यास एक राउटर लागतो. दोन स्विचमध्ये दोन तारा जोडल्या की एक फेरा तयार होतो. त्या फेऱ्यात संदेश गरगर फिरत राहून सारे जाळे बंद पडू नये म्हणून स्विच आपण होऊन एक तार रोखून धरतो. ही युक्ती रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधली आणि आजही ती शिकल्यावाचून गत्यंतर नाही. त्याच दोन तारा मग एकत्र बांधून एक रुंद वाट करण्याचा धडाही त्याच दोन स्विचवर होतो. पत्ते वाटणे, एका पत्त्यामागे अनेक संगणक लपविणे, दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे प्रवेश करणे, हे सर्व या तीन यंत्रांत बसते. ओ.एस.पी.एफ.मध्ये राउटरांतून मुखिया आणि उपमुखिया कसा निवडला जातो ते नीट पाहण्यास मात्र तीन राउटर असलेले बरे. तो धडा पॅकेट ट्रेसरवर करावा. त्यासाठी आणखी दोन राउटर घरात आणणे म्हणजे एका पाहुण्यासाठी घर बांधणे होय.

जातीचे बोलायचे तर स्विच ‘कॅटॅलिस्ट २९६०’ मालिकेतला पाहावा. त्याची आठ पोर्टची लहान आवृत्ती मिळाल्यास उत्तम, कारण तिला पंखा नाही. राउटर ‘१९४१’ किंवा ‘२९०१’ पुरतो. ‘१८४१’ अधिक जुना, पण दोन पोर्ट असल्याने मूळ धडे त्याच्यावरही होतात. हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि बंगळूरच्या एस. पी. रोडवर जुना म्हणून मिळतो. अनगोळहून ही दोन्ही शहरे रात्रीच्या प्रवासाची. तेव्हा जाणाऱ्याने, किंवा घरपोच मागविणाऱ्याने, तपासणीची यादी आधी ठरवून ठेवावी.

यंत्र विक्रेत्यासमोर सुरू करून पाहावे. ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. आतील प्रणालीच्या नावात ‘के ९’ ही अक्षरे असतील तरच सुरक्षित प्रवेशाचा, म्हणजे एस.एस.एच.चा, सराव होईल. ती नसतील तर यंत्र कितीही स्वस्त असो, परत ठेवावे. निदान चार-सहा पोर्टांत तार घालून दिवे लागतात का ते पाहावे. पासवर्ड काढलेला आहे ना, वीजजोडणीची वायर सोबत आहे ना, हे विचारावे. नकली माल या धंद्यातही आहे. २०२० साली फिनलंडच्या एफ-सिक्युअर या कंपनीने ‘२९६०-एक्स’ जातीच्या दोन नकली स्विचांची चिरफाड करून त्यांचा अहवालच प्रसिद्ध केला होता. ते स्विच वापरणाऱ्यांना संशय आला तो प्रणाली नवी करताच यंत्रे बंद पडली तेव्हा. म्हणून पेटीवरील अनुक्रमांक आणि आज्ञा देऊन पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक जुळतो की नाही हे पाहण्याची सवय ठेवावी.

जुने यंत्र घरी आल्यावर पहिले काम म्हणजे ते धुऊन स्वच्छ करणे. अर्थात पाण्याने नव्हे! मागील मालकाची मांडणी पुष्कळदा त्यात तशीच असते. ती वाचण्याच्या मोहात न पडता पुसून टाकावी. स्विचमधील व्हीलॅनची फाइल निराळी असते, ती वेगळी पुसावी लागते. दुसऱ्याचे राहिलेले कागद न वाचता फाडणे हाही या धंद्याच्या सभ्यतेचा भाग आहे.

यंत्रांहून स्वस्त, पण अधिक शिकविणारी अशी काही सामग्री आहे. लॅन केबलचे काही मीटर, वीस-पंचवीस आर.जे. ४५ कनेक्टर, क्रिम्पिंग टूल आणि साधा केबल टेस्टर. केबल घेताना तार शुद्ध तांब्याची आहे का हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण लवकर तुटते. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा रंगांचा क्रम हाताला पाठ व्हावा. पहिली पाच कनेक्टरे वाया जातील, जाऊ द्यावीत. लेथवर नवा उमेदवार आधी भंगाराच्या तुकड्यावरच हात बसवितो. या तांब्याच्या केबलीची एका टप्प्यात मर्यादा शंभर मीटरची. तीही पुस्तकातून नव्हे तर कारखान्याची शेड पाहताना लक्षात राहील.

घराचाही विचार केला पाहिजे. कचेरीसाठी घडविलेली ही यंत्रे मोठ्या पंख्याचा आवाज करतात. दोन खोल्यांच्या घरात, जेथे आजी दुपारी विश्रांती घेते आणि धाकटी बहीण अभ्यासाला बसते, तेथे तो आवाज भांडणाचे कारण होतो. विजेचा हिशेबही करावा. चार मोठी यंत्रे मिळून दोनशे वॅट घेतात असे धरले आणि ती रोज चार तास चालली, तर महिन्याला चोवीस युनिट होतात. कर्नाटकात २०२३ साली ‘गृहज्योती’ योजना सुरू झाली. तिच्यात घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, दोनशे युनिटांच्या आत, विनामूल्य विजेची मर्यादा ठरते. ज्या घरांना तिचा लाभ आहे तेथे हे चोवीस युनिट ती मर्यादा सहज ओलांडू शकतात. आठ पोर्टचे दोन लहान स्विच आणि एक राउटर यांचा भार याहून पुष्कळ कमी. यंत्रे सराव संपताच बंद करावीत, आणि तीन पिनांच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावावीत.

वीज अचानक गेली तर? तर एक धडा फुकट मिळेल. दिलेल्या आज्ञा यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात असतात. त्या मुद्दाम जतन केल्या नाहीत तर वीज जाताच पुसल्या जातात. दोन तासांची मांडणी असा एकदा नाहीशी झालेला विद्यार्थी पुढे जन्मभर जतन करण्याची आज्ञा विसरत नाही.

तरीही काही घरांना तीन यंत्रांचा खर्चही जड वाटेल. त्यांच्यासाठी आपल्या गावातच एक जुना पाठ आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची. प्रत्येकाला सर्व पुस्तके घेणे शक्य नाही, म्हणून सर्वांनी मिळून ती घ्यावीत, हा विचार या शहरात इतका जुना आहे. गल्लीतील चार विद्यार्थ्यांनी मिळून दोन स्विच, एक राउटर आणि एक क्रिम्पिंग टूल घ्यावे. वार वाटून घ्यावेत. त्याहून चांगले म्हणजे एकाने मुद्दाम जाळे बिघडवून ठेवावे आणि दुसऱ्याने दोष शोधावा. एकटा विद्यार्थी स्वतः केलेला बिघाड स्वतःच शोधतो, त्यात परीक्षा नाही. नोकरीत तर बिघाड नेहमी दुसऱ्यानेच केलेला असतो. परीक्षा उतरल्यावर ही यंत्रे पुढच्या विद्यार्थ्यांना कमी किमतीत द्यावीत, म्हणजे पैसाही फिरता राहील.

सारांश, खर्चाचा क्रम असा असावा. प्रथम परीक्षेचे शुल्क बाजूला काढून ठेवावे आणि त्याला हात लावू नये. मग अभ्यासक्रमाचा कागद आणि पॅकेट ट्रेसर, दोन्ही विनामूल्य. महिना-दोन महिने त्यावर नियमाने काम झाले, तर केबल आणि क्रिम्पिंग टूल. संगणक अपुरा पडत असेल तर रॅम. सर्वांत शेवटी, आणि शक्यतो भागीदारीत, ती दोन-तीन यंत्रे. हा क्रम पाळणाऱ्याला अर्ध्या वाटेवर असे कळून आले की ही विद्या आपल्या आवडीची नाही, तरी त्याच्या घरचे काही बुडालेले नसते.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलाने यंत्र मागितले तर ‘नको’ म्हणू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्याला एवढेच विचारा: ‘यावर तू कोणता धडा करणार, आणि तो यावाचून का होत नाही?’ तुम्हाला त्या विद्येतील काही कळत नसले तरी हरकत नाही. उत्तर देताना तो अडखळला तर यंत्राची वेळ अजून आलेली नाही. त्याने धडा नीट समजावून सांगितला, तर घरातील पैसा योग्य ठिकाणी जात आहे असे खुशाल समजावे.